१५ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड: स्लोला बंद पडायचं, त्याची गोष्ट

नारळी पौर्णिमेनंतर घेतलेलं हे मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू होणारं, वय विचारू नये असं. कर्ली खाडीत, तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात, लहान फायबर होडीला लावून अख्खा मोसम वापरलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हा आजार या वयाच्या कुठल्याही टू-स्ट्रोकला होतो.

रेस दिली की तक्रार शून्य. स्लोवर, म्हणजे रेस पूर्ण सोडून कमीत कमी वेगावर आणलं की धडधड, आणि गिअर टाकला की गप्प. खाडीत असताना एक वेळ चालून जातं. पण खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर ओहोटीच्या वेळी, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना मशीन बंद पडलं, तर होडी लाटेला आडवी होते.

पहिल्या मेकॅनिकने स्लोचा स्क्रू आवळून दिला. मशीन बंद पडायचं थांबलं, पण गिअर टाकताना ‘खडाक्’ असा आवाज यायला लागला. वाढवलेल्या स्लोवर गिअर टाकत राहिलं की आतले दात झिजतात आणि पुढे चालत्या मशीनचा गिअर सुटायला लागतो. हा इलाज नव्हे, दुखणं झाकणं आहे. कोणी असं करून देत असेल तर पैसे देऊ नका.

पाना हातात घेण्याआधी थोडं तपासलं तर निम्मं काम होतं. मशीन धडपडत असताना चोक किंचित ओढला. आवाज सुधारला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग नळीवरचा रबरी पंप हाताने दाबत राहिलो, त्याने फरक पडला नाही. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) येतंय, अडतंय आत. या मशीनला दोन्ही सिलिंडर मिळून कार्बोरेटर एकच. त्यामुळे एकच सिलिंडर मिसिंग करत असतं तर आधी प्लग, कॉइल बघितली असती.

कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाला पाण्याचे थेंब घरंगळत होते आणि कडेला पांढरट भुकटी. स्लोचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, आभाळाकडे धरून बघितला, तर उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. भोक केसाएवढं, त्यात हिरवट कीट. तिथे स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून, वायरीतली तांब्याची एकच बारीक तार फिरवली आणि हवा मारली.

पाणी येतं कुठून? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला वेगळा थर करतात. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल त्या थरात उतरत नाही. टू-स्ट्रोकला वंगण याच ऑइलचं, त्याशिवाय काहीही पाजणं म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून आता पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय, टाकीत जुनं पेट्रोल साठवत नाही. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा), लिटर पेट्रोलला २० मिली.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा उघडला, पण ती फक्त सुरुवात. नेमकं सेटिंग मशीन गरम झाल्यावर, होडी धक्क्याला बांधून, गिअरमध्ये ठेवूनच करायचं. पाण्याच्या ड्रममध्ये छान चालणारं मशीन होडीवर रुसतं.

थंडी सरता सरता बंद पडणं पुन्हा सुरू झालं. या वेळी रबरी पंप दाबला की मशीन सावरायचं, सोडला की मरायचं. लक्षण वेगळं, म्हणून कार्बोरेटरला हातच लावला नाही. नळीच्या कपलिंगमधलं ओ-रिंग कडक होऊन तिथून हवा ओढली जात होती. किरकोळ किमतीचा तुकडा. तेव्हाच नळीही इथेनॉलला टिकणारी घातली. आधीची आतून सुटून काळा चुरा सोडत होती.

तेव्हापासून ट्रोलिंगच्या (गळ मागे ओढत हळू जाण्याच्या) वेगाला तासभर चालतं, बंद पडत नाही. धूर आहेच, पेट्रोलही फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त खातं. पण एकटा माणूस उचलून घरी नेऊ शकतो, आणि स्वतः उघडता येतं. ज्याला हात काळे करायचे नाहीत त्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

असं मशीन बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवलं असेल, तर चहा मागवा आणि थंड होऊ द्या. मग पाण्यात, गिअरमध्ये, स्लोवर दहा मिनिटं चालवायला सांगा. ‘रेस दिली की बघा कसं पळतं’ हे ऐकूच नका.