गिटार ॲम्पच्या कॅबिनेटसाठी व्हिनाइल : नमुना एक, ताका दुसराच

गिटारच्या ॲम्प्लिफायरचे कॅबिनेट घरी बनवणाऱ्यांचे बहुतेक लक्ष लाकूड, स्पीकर आणि सर्किट यांत गुंतलेले असते, आणि याचाच फायदा त्यावर चढवायचे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, विकणारे काही जण उठवतात. मला ज्या विक्रेत्याने फसवले त्याची युक्ती इतकी सोपी आहे की ती इतर कोणी वापरत नसेल असे मला वाटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कॅबिनेट १८ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडचे होते, कडा राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) गोल केलेल्या होत्या आणि त्यावर चढवण्यासाठी मला कापडी अस्तराचे व्हिनाइल हवे होते. फेंडर कंपनीने १९६० च्या सुमारास ट्वीड कापड सोडून टोलेक्स नावाचे असे व्हिनाइल वापरायला घेतले, तेव्हापासून ॲम्पवर प्रामुख्याने याच प्रकारचे आवरण दिसते : वर उठावदार दाण्याचा पीव्हीसीचा थर आणि मागे कापड. सगळी भिस्त असते ती या मागच्या कापडावर. गोंद त्याच्या विणीत मुरतो, आणि कोपऱ्यावर आवरण ताणून बसवले तरी ते कापडच त्याला फाटू देत नाही व पुढे आकसूही देत नाही.

विक्रेत्याने आधी तळहाताएवढा नमुना पाठवला. त्यात काहीच खोट नव्हती. त्यानंतर आलेल्या ताक्याचा रंग आणि दाणा नमुन्याशी तंतोतंत जुळत होता, आणि पाठीमागेही काळा, लवदार थर दिसत होता. एक बाजू चिकटवून कोपऱ्याशी आल्यावर मात्र खरा प्रकार उघड झाला. हीट गनची (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची) जेमतेम ऊब लागताच दाणा सपाट झाला, आवरण पातळ होत गेले आणि वळणावर चक्क फाटले. उरलेल्या तुकड्याच्या पाठीवर नख घासले तेव्हा तो काळा थर शेवयांसारखा गुंडाळत सुटून आला. खाली नुसते गुळगुळीत प्लास्टिक होते, धागा एकही नव्हता. वर कापडाचा भास व्हावा म्हणून केवळ लव चिकटवलेली होती. पन्हाही सांगितलेल्या १३७ सेंटिमीटरपेक्षा बराच कमी भरला.

चिकटवलेली बाजूही टिकली नाही. मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकता आणणारे तेलकट द्रव्य असते; विणलेले अस्तर आणि योग्य गोंद नसेल तर ते हळूहळू गोंदात उतरते आणि गोंद कायमचा चिकट, ढिला होऊन बसतो. काही आठवड्यांतच खालचा सांधा उघडला आणि दोन कडांमधून लाकूड दिसू लागले.

तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने आधी गोंदाला दोष दिला, मग हीट गनला, आणि नमुन्याच्या व ताक्याच्या पाठीचे फोटो शेजारी ठेवून पाठवले तेव्हा कापलेला माल परत घेत नसल्याचे कळवून बोलणेच थांबवले. पैसे त्याने सवलतीचे आमिष दाखवून थेट खात्यात मागून घेतले होते, त्यामुळे ज्या विक्री-संकेतस्थळावर त्याची जाहिरात होती त्यांनीही हात वर केले. सवलतीची ही अट मला आता फसवणुकीचाच भाग वाटते, आणि अशी अट कोणी घातली तर तेथून माल घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुना चांगला निघाला म्हणून ताक्याची तपासणी टाळू नका. ताका उघडताना सलग चित्रीकरण करा, पन्हा मोजा, आणि मुख्य तुकडा कापण्याआधी कडेची एक पट्टी काढून तिच्या पाठीवर नख जोराने घासा. मग ती पट्टी उभी, आडवी व तिरकी ओढून पाहा. विणलेले अस्तर उभे-आडवे फारसे ताणत नाही, तिरके थोडे ताणते, तर नुसते प्लास्टिक सगळीकडे सारखेच लांबते. शेवटी कॅबिनेटसारखीच गोल कड असलेला लाकडाचा ठोकळा घेऊन त्याच्या कोपऱ्यावर ही पट्टी नेहमीच्या गोंदाने व उबेने बसवा आणि काही दिवस तशीच राहू द्या. मागणी नोंदवताना जाडी, पन्हा आणि ‘विणलेले कापडी अस्तर’ हे शब्द विक्रेत्याकडून लेखी घ्या. नुसते ‘अस्तर आहे’ असे उत्तर मलाही मिळाले होते.