लाल चकतीचा टायमर: आई आणि मूल, दोघांनाही एडीएचडी असेल तर

'अजून पाच मिनिटं' म्हणजे नक्की किती, हे मुलाला उमगत नाही आणि सांगणाऱ्या आईलाही नाही. दोघांनाही एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती) असलेल्या घरात सकाळची ओढाताण बहुधा इथूनच सुरू होते. अशा घरात वेळ डोळ्यांना दिसावी लागते आणि 60 मिनिटांचा लाल चकतीचा टायमर ती दाखवतो. मूठ फिरवली की लाल भाग उघडतो, मग हळूहळू मिटत जातो. आकडे न येणाऱ्या मुलालाही किती उरलं ते कळतं. फोनवर हे जमत नाही. टायमरसाठी फोन हातात घेतला की आई मेसेज वाचत बसते.

बालरथ, म्हणजे शाळेची बस, गाठायचा असेल तर 40 मिनिटं एकदम लावू नका. एवढा लाल भाग पाहून मूल निवांत खेळायला बसतं. दात-आंघोळ 15, कपडे 5, चहा-पाव 15, दप्तर-बूट 5, असे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात आईचंही एक काम हवं: 'लाल संपेपर्यंत तू कपडे घाल, मी डबा भरते.' नुसता मुलावर लावलेला टायमर चार दिवसांत भांडणाचं कारण होतो.

खरी अडचण म्हणजे तो लावायचाच राहून जातो. म्हणून तो चहा-साखरेच्या डब्यांपाशी ठेवा आणि गॅस पेटवण्याआधी मूठ फिरवा. काम सुरू करून देणं मात्र टायमरच्या हातात नाही. पहिली दोन मिनिटं मुलाशेजारी बसावंच लागतं.

यावरचे आकडे घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात. शाळेत घड्याळ शिकणारं सहा-सात वर्षांचं मूल त्याने गोंधळतं. त्याला फक्त लाल भाग दाखवा. आवाजाला दचकणारं मूल असेल तर घंटा हळू करता येणाराच घ्या. ती पूर्ण बंद करू नका, पाठमोऱ्या आईला तेवढीच खूण असते. टिकटिक करणारा तर अभ्यासाच्या टेबलावर नकोच.

साधे टायमर हजाराच्या आत मिळतात आणि एका पेन्सिल सेलवर चालतात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सेलच्या स्प्रिंगवर गंज चढतो आणि चकती अडखळते. अल्कलाईन सेल गळून पांढरी पूड साचली असेल तर सेल काढा, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पूड पुसा, कोरडं करा आणि तासाभराने नवा सेल घाला. मे महिन्याच्या सुट्टीत टायमर पडून राहणार असेल तर सेल आधीच काढून ठेवा.