थारच्या दाराखाली काय लावावे: साइड स्टेप की रॉक स्लायडर? दहा महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे डिझेलवर चालणारी, फोर बाय फोर, हार्ड टॉप महिंद्रा थार आहे आणि आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. गाडीचा रोजचा वापर शहरातच होतो. महिन्यातून दोन-तीनदा मात्र ती चोरल, सिमरोल, जानापाव किंवा जाम गेटच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाते. गाडी घेतल्यावर पहिली अडचण आली ती आईची. तिचे गुडघे दुखतात, थारचा मजला जमिनीपासून बराच उंच आहे, आणि गाडीला बाजूची दोनच दारे असल्यामुळे मागे बसणाऱ्यालाही पुढचे आसन दुमडून त्याच दारातून आत शिरावे लागते. म्हणून कसलीही चौकशी न करता गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी बाजारातली गोल पाइपची, रुंद रबरी पट्टी असलेली साइड स्टेप, म्हणजे चढताना पाय ठेवायची पायरी, दाराखाली बसवून घेतली. आई समाधानी होती, गाडीही छान दिसत होती, आणि पाच महिने मला त्या निर्णयात काहीही खोट दिसली नाही.

ऑगस्टमध्ये चोरलच्या पलीकडे एका नाल्याचे पात्र ओलांडताना ती खोट कळली. पाणी जेमतेम घोटाभर होते, पण तळाशी विंध्यातला तो काळा, गुळगुळीत बेसॉल्ट होता. डावे पुढचे चाक एका धोंड्यावर चढले, पलीकडे उतरले आणि त्याच क्षणी गाडीचा मधला भाग धोंड्यावर टेकला. टेकली ती स्टेप. तिचे दोन ब्रॅकेट वाकले, पाइप वर सरकून दाराच्या खालच्या कडेत रुतला आणि डावे दार उघडेना. पत्नीला माझ्या बाजूने उतरावे लागले. स्टेप नसती तर त्या धोंड्यावरून गाडी बहुधा न टेकता गेली असती, हे मला घरी आल्यावर टेपने मोजून पाहिल्यानंतर उमगले: दाराखालच्या पत्र्यापेक्षा स्टेप तब्बल 12 सेंटिमीटर खाली लोंबत होती.

थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून तळाची उंची, 226 मिमी आहे असे आपण कौतुकाने सांगतो, पण तो आकडा गाडीच्या तळाच्या सर्वांत खालच्या भागाचा असतो, आणि तिथे दगड येऊ नये म्हणून चालक चाक दगडावर चढवून तो भाग उचलून घेऊ शकतो. दाराखालच्या भागाला ही सोय नाही. तो दोन चाकांच्या अगदी मधोमध असतो. चढाचा माथा ओलांडताना पोट टेकू नये यासाठी जो रॅम्प-ओव्हर कोन दिला जातो, तो थारच्या बाबतीत 27 अंश आहे, आणि दोन्ही बाजूंना खाली लोंबणारी वस्तू लावली की कडेच्या धोंड्यांपुरता तो कोन आपण आपल्याच हाताने कमी करतो. शिवाय वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते. त्यामुळे पुढच्या चाकाने सहज टाळलेला दगड वा झाडाचा बुंधा दारामागच्या पत्र्याला लागतो. जंगलवाटांवर गाडीचे सर्वाधिक नुकसान होते ते इथे.

दुसरी गोष्ट भाराच्या दिशेची. साइड स्टेप एका माणसाचे वजन वरून पेलण्यासाठी केलेली असते. माझ्या स्टेपचे ब्रॅकेट बॉडीच्या पत्र्यातल्या तयार भोकांना लहान बोल्टनी अडकवलेले होते, आणि त्या कामापुरते ते पुरेसेही होते. रॉक स्लायडर म्हणजे दाराखालचा पत्रा दगडांपासून वाचवणारी मजबूत नळी; तिच्यावर मात्र भार खालून येतो आणि तो माणसाचा नसून दीड टनाहून जड गाडीचा असतो; म्हणून स्लायडर थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बसलेला असला पाहिजे. थार लॅडर फ्रेमवर, म्हणजे बॉडीपासून वेगळ्या, शिडीसारख्या चेसिसवर, उभी असल्यामुळे तसे करता येते. बाजारात स्लायडर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वस्तू नुसत्या जाड दिसणाऱ्या स्टेप असतात. विकत घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून त्याचे पाय नेमके कशाला जोडले जाणार आहेत ते पाहावे, एवढी एक कळकळीची विनंती आहे.

मी सांवेर रोडच्या औद्योगिक भागातल्या एका फॅब्रिकेशनवाल्या उस्तादांकडून स्लायडर करवून घेतले. मुख्य नळी 50 मिमी व्यासाची, 3 मिमी जाडीची सीमलेस (बिनजोडाची) पाइप. बाहेरची नळी थोडी वर उचललेली, म्हणजे दगड पत्र्याकडे न सरकता बाहेर ढकलला जातो. आणि मागच्या टोकाला ती आणखी बाहेर वळवलेली, ज्यामुळे बुंध्याजवळून वळताना मागचा पत्रा दूर राहतो. चेसिसला वेल्डिंग करायचे नाही, सगळे बोल्टनेच बसवायचे, हे मी आधीच ठरवले होते. चेसिसवर वेल्डिंग केल्याने वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि पुढे स्लायडर काढता येत नाहीत. दोन्ही बाजूंचे मिळून वजन 42 किलो भरले. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 मुळे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून दोन्ही स्लायडर चाकांच्या बाहेरच्या रेषेच्या आतच ठेवले आहेत.

सप्टेंबरअखेरीपासून आजपर्यंत गाडी सुमारे 11,000 किलोमीटर चालली. या काळात स्लायडर निदान सात-आठ वेळा खडकावर टेकले, दोनदा तर अक्षरशः घसरत पुढे गेले, आणि त्यांच्यावर चरे पडण्यापलीकडे काहीही झाले नाही. दारे पहिल्यासारखीच उघडतात. काजलीगडाच्या वाटेवर चाक चिखलात रुतले तेव्हा मी स्लायडरखाली उंच जॅक लावून गाडी उचलली. एक लक्षात ठेवावे: असे उचलताना आधी चेसिस वर येते आणि चाक स्प्रिंगसह खाली लोंबतच राहते, त्यामुळे चाक जमिनीवरून सुटायला बरेच उचलावे लागते, अशा वेळी दुसऱ्या चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये.

त्रासही झाला. पहिल्या हजार किलोमीटरनंतर डावीकडून खडखड येऊ लागली. दोन बोल्ट ढिले झाले होते. नायलॉक नट (नायलॉनच्या कड्यामुळे सहज ढिले न होणारे) लावल्यावर आवाज थांबला, पण 500 किलोमीटरवर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यायला हवे होते. माळव्याची काळी माती ही दुसरी अडचण आहे. पावसात ती स्लायडर आणि पत्रा यांच्या फटीत भरते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते. ओली असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढली नाही तर तिच्याखाली ओल टिकून पत्रा गंजतो. नळीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवायला सांगावे, माझ्या स्लायडरना ती नंतर पाडावी लागली. पावडर कोटिंग पहिल्याच खडकावर उडाले. आता दर दोन महिन्यांनी मी तिथे प्रायमर आणि काळा रंग हाताने लावतो, आणि पुन्हा करायचे झाल्यास महागडे कोटिंग करणार नाही.

आईचा प्रश्न मात्र स्लायडरने सुटला नाही, उलट परत आला. स्लायडर पत्र्याला बिलगून असतो, म्हणून त्यावर पाय ठेवणे तिला जवळजवळ गाडीत चढण्याइतकेच कठीण जाते. मी उस्तादांकडे पुन्हा गेलो आणि डाव्या स्लायडरवर अडकवता येईल अशी एक सुटी पायरी करून घेतली: दोन आकडे, एक खाचेची जाळीदार पट्टी आणि बाजूने सरकू नये म्हणून एक पिन. शहरात ती लावलेली असते, कच्च्या वाटेवर निघताना मी ती काढून मागे ठेवतो, आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. आत शिरताना धरायला दाराच्या खांबाजवळची मूठ आहेच. गेल्या महिन्यात महेश्वरला जाताना आई आधाराशिवाय चढली आणि घाटावरून परतल्यावर तशीच पुन्हा बसली.