अमृत फ्यूजन : धूर चालत असेल तरच

ठाण्यात वाईन शॉपमधून अमृत फ्यूजन ही धुरकट चवीची व्हिस्की घेताना आधी लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा: ५० टक्के. आपली नेहमीची देशी व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलीच्या पेगात ५ मिली, चहाचा एक चमचा, पाणी घातलं की ही नेहमीच्या ताकदीवर येते. १० मिलीला ३७.५ टक्के होते आणि धूर पातळ व्हायला लागतो. सोड्याने ग्लास भरायचा असेल तर एवढे पैसे घालवू नका.

बंगळूरूच्या अमृतने यात दोन बार्ली वापरल्यात: भारतीय, बिनधुराची, आणि स्कॉटलंडची, पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेली. दोन्ही वेगवेगळ्या गाळून, मुरवून मग एकत्र करतात. लेबलवर वय नाही म्हणून नाक मुरडू नका. बंगळूरूत पिंपातून वर्षाला १० ते १२ टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये साधारण २. म्हणजे बंगळूरूत चार वर्षांत पिंपात दोन तृतीयांशही उरत नाही. इथे १८ वर्षं थांबणं परवडणार कुणाला?

ओतल्याबरोबर वास घेतला तर नाकात नुसता झणका बसतो. दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवा. मग व्हॅनिला, संत्र्याची साल, कडवट चॉकलेट आणि घोट उतरल्यावर मागून येणारा धूर. विझत आलेल्या चुलीचा, ओल्या लाकडाचा नव्हे. मामलेदारची मिसळ खाऊन लगेच प्यायलात तर यातलं काहीच कळणार नाही. खारे शेंगदाणे बरे.

बर्फ घातल्यावर ती गढूळ दिसली तर भेसळ समजू नका. थंड करून गाळलेली नसल्याने त्यातले तेलकट अंश पाणी वाढलं, गारवा लागला की बाहेर दिसतात. चवीला बाधा नाही, पण बर्फाने वास मात्र दबतो. पाणी फिल्टरचं घ्या. नळाच्या पाण्यातला क्लोरिन पहिल्याच घोटात जाणवतो.

बाटली उभीच ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली तर ५० टक्के अल्कोहोल बूच खातं आणि उघडताना त्याचा तुकडा आत पडतो. माळा मे महिन्यात तापतो, त्यापेक्षा खालचं बंद कपाट बरं. पाव बाटली उरली की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर हवेने धूर आधी जातो.

धूर नकोच असेल तर गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स घ्या, ४६ टक्के, पीट अजिबात नाही. तीही इथूनच घ्या. परवान्याशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.