सेल्फच्या मोटरवरचे दोन ठिपके

आमच्या आबांची मोटरसायकल 2008 सालची, दीडशे सीसीची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक मारणं कायमचं सुटलं. तेव्हापासून सगळा भरवसा सेल्फवर. पहाटे गाडी काढायची, कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, चार ओळखीच्या माणसांत बसायचं, उन्हाच्या आत घरी. सेल्फ लागला नाही तर आबा दिवसभर घरात. म्हणून सेल्फच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक पैशांपेक्षा जास्त लागली मनाला.

पावसाळा संपता संपता सेल्फ कुरकुरायला लागला. बटण दाबलं की सीटखालून नुसता कट-कट आवाज, इंजिन फिरायचंच नाही. हॉर्न मात्र खणखणीत वाजायचा. उद्यमनगरात तीस वर्षं मोटरी रिवाइंड केलेले माझे मामा तेव्हा लेकीकडे पुण्याला होते. माझी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सकाळची शिफ्ट. वाट न बघता मी गाडी रस्त्यातल्याच एका गॅरेजात टाकली.

तिथल्या मिस्त्रीनं माझ्यासमोर काय केलं ते नीट सांगतो, कारण फसगत तिथंच झाली. सीट काढली, रिलेच्या (बटण दाबलं की बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला सोडणारा स्विच) दोन जाड नटांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवला. चर्रकन ठिणगी उडाली, मोटर जरा हुंकारली आणि थांबली. "बघितलासा न्हवं? डायरेक्ट दिलं तरी फिरंना. मोटर जळलीया. बॅटरीबी बसलीया, रिले तर घालायलाच पायजे." ठिणगी डोळ्यांनी बघितली होती, मी विश्वास ठेवला. नवी मोटर 2,600, बॅटरी 1,500, रिले 450, मजुरी 300. एकूण 4,850 रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "घरचीच माणसं की, बिल कशाला?" जुने पार्ट बघायला मागितले, तर ते भंगारवाल्याला गेले म्हणाला. एका दुपारीत.

पंधरा दिवस सेल्फ झक्कास लागला. मग पुन्हा तेच कट-कट. परत नेली तर म्हणाला, आता सगळी वायरिंग बदलावी लागेल, 3,000 रुपये. तेवढ्यात मामा पुण्याहून आले म्हणून ते पैसे वाचले.

मामांनी पान्याला हात लावायच्या आधी मीटर काढला. बॅटरीवर 12.7 व्होल्ट. मला बटण दाबायला लावलं आणि बॅटरीच्याच टोकांवर पुन्हा बघितलं, तर 12.3. मामा म्हणाले, "मोटर करंट ओढतच न्हाई. शॉर्ट झाली असती तर ह्यो काटा नऊच्या खाली आला असता. वाट कुठंतरी अडलीया." मग मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या बोल्टवर, आणि पुन्हा बटण. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, दिसले जवळजवळ 9. म्हणजे इंजिनपर्यंत येणारी अर्थिंग गेलेली. मोटर जोर घेते प्लस वायरीतून, पण परतीचा रस्ता इंजिनच्या बॉडीतून, तिथून जाड काळ्या वायरीनं बॅटरीकडे. तो तुटक असला की स्क्रू ड्रायव्हरनं डायरेक्ट देऊनही मोटर फिरत नाही. त्या ठिणगीनं एवढंच सिद्ध होतं की दोष रिलेचा नाही. मोटर जळल्याचा तो पुरावा नव्हे. उलट, दोष रिलेचा नाही हे दाखवून मिस्त्रीनं तोच बदलायचे 450 रुपये घेतले.

मामांनी जंपरच्या जाड वायरीनं बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनच्या बॉडीला जोडलं. बटण दाबताच गाडी चालू. मीटर नसेल त्यानं ही एवढी चाचणी तरी करावी, गाडी न्यूट्रलला ठेवून.

इंजिनच्या मागचा अर्थचा बोल्ट खोलला तर लगखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीखाली, हिरवट-पांढरी भुकटी. 2021 च्या जुलैत पुराचं पाणी कुंभार गल्लीत शिरलं तेव्हा ही गाडी दिवसभर पाण्यात उभी होती. गंज तेव्हाच धरला असावा, असं मामांचं मत. पॉलिश पेपरनं लग आणि बॉडी घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावली. खर्च शून्य. नव्या बॅटरीच्या ताज्या जोरानं आणि मोटर काढताना वायर हलल्यानं ते पंधरा दिवस निघाले होते.

मग मामांची नजर मोटरवर गेली. काळाकुळकुळीत नवा रंग. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीनं त्यांनी झाकणाची कड पुसली. रंग चिंधीवर आला आणि खाली दोन बारीक ठिपके उघडे पडले, एक झाकणावर, एक बॉडीवर, समोरासमोर. मामा काही क्षण बोललेच नाहीत. "ही तर माझ्याच हातची हाय. सतरा साली मोटरच्या आतले कार्बन ब्रश बदलताना झाकण जिथल्या तिथं बसावं म्हणून मीच सेंटर पंच मारलेला." 2,600 रुपयांना आमचीच मोटर रंगवून आम्हालाच विकली होती.

जुन्या गाडीवाल्यांना हात जोडून सांगतो. गाडी टाकण्याआधी मोटर, बॅटरी, रिले यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि पार्टवर आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. मिस्त्री "जळली" म्हणाला तर मीटरवर दाखव म्हणा. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बिल घ्याच. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करायचं ठरवलं, पण माझ्याजवळ दाखवायला काय होतं? मोबाईलवरून पाठवलेले 4,850 रुपये. ते कशाचे, हे कुठंच लिहिलेलं नाही.

तरी मामांना घेऊन गेलो. मामांनी पुसलेली मोटर दाखवली आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं. मिस्त्री आधी चढ्या आवाजात बोलला, मग गिऱ्हाईकं जमायला लागली तसा गप्प झाला आणि गल्ल्यातून मोटरचे 2,600 काढून दिले. रिलेचे पैसे बुडाले. आबांची जुनी बॅटरी, जी बहुधा अजून वर्षभर चालली असती, ती काही परत मिळाली नाही.