वीस डोमेन, सातबारा दुसऱ्याच्या नावावर

नाशिकरोडच्या हॉटेलातल्या त्या सेमिनारला मी गेलो ते जेवण फुकट होतं म्हणून, हे आधीच कबूल करतो. 2025 चा जानेवारी. स्टेजवरचा पोरगा म्हणाला, "काका, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, इंटरनेटवरचा प्लॉट. रिकामा ठेवला तरी त्यावर जाहिराती लागतात, भाडं तुमचं." प्लॉट म्हटलं की आपले कान टवकारतात. वीस डोमेन, सेटअपसकट 30 हजार. जिलेबी संपायच्या आत मी क्यूआर स्कॅन केला होता.

हा धंदा अगदीच खोटा नाही, म्हणून तर माणूस फसतो. रिकाम्या डोमेनवर जाहिरातींचं पान लावण्याला पार्किंग म्हणतात; कोणी जाहिरातीवर क्लिक केलं की पैसे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोक ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एखादा शब्द लिहून पुढे डॉट कॉम लावून बघायचे. तेव्हा चांगले शब्द धरून बसलेल्यांनी खरंच पैसा केला. आता त्याच पट्टीत नुसता शब्द लिहिला की सरळ सर्च उघडतो. आणि माझी नावं तरी कसली? 'द्राक्ष', 'बंगलो', 'डील्स' असले शब्द मध्ये दोन-दोन आडव्या रेघा मारून जोडलेले. ती टाइप करताना मीच चुकायचो.

पण डॅशबोर्डवर, म्हणजे कमाई दाखवणाऱ्या पानावर, पहिल्याच महिन्यात 41 डॉलर! रोज चहाआधी आकडा बघायचा, बायकोला दाखवायचा. पैसे काढायला किमान 100 डॉलर लागत. मार्चअखेर 96 झाले आणि एका रात्रीत 3 डॉलर 12 सेंट उरले. कारण लिहिलं होतं, 'अवैध क्लिक'. भाच्याने आकडेवारी उघडून दाखवली. जवळपास सगळे क्लिक पहाटे दोन ते चारमधले, एकाच परदेशी सर्व्हरवरून, घड्याळ लावल्यासारखे. म्हणजे माणसं नव्हतीच, बॉट होते, आपोआप क्लिक करणारे प्रोग्राम. ते सेटअपवाल्यांनीच सोडले असणार असं मला वाटतं, पुरावा माझ्याकडे नाही. त्यातच, गूगलने त्याच मार्चपासून जाहिरातदारांच्या जाहिराती पार्क केलेल्या डोमेनवर आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली होती. सेमिनारमध्ये यातलं अवाक्षर नाही.

मग म्हटलं, विकून टाकू. आठवड्यात ईमेल आला, एका डोमेनला 2,000 डॉलर. फक्त 'व्हॅल्युएशन सर्टिफिकेट' हवं, तेही ते सांगतील तिथूनच. 4,500 रुपये भरले. सुंदर सोनेरी शिक्क्याची पीडीएफ आली, आणि गिऱ्हाईक कायमचं गायब.

खरा दणका पुढेच होता. दुसरीकडे हलवायला ट्रान्सफरचा कोड मागितला, तर रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, कळवलं की खातं तुमचं नाही. विसाही डोमेन सेमिनारवाल्यांच्या नावावर! प्लॉटचे पैसे मी दिले, सातबारा त्यांचा. डिसेंबरात नूतनीकरणाचं बिल मात्र न चुकता माझ्या नावाने आलं, दर डोमेनला 1,300, म्हणजे 26 हजार. पहिल्या वर्षी ही नावं ऑफरमध्ये शंभर-दोनशेलाही मिळतात, हे तेव्हा कळलं. मी भरले नाहीत.

कोणाला घ्यायचंच असेल तर रजिस्ट्रारकडे स्वतः खातं उघडा, स्वतःच्या ईमेलने, आणि दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा. ब्रँडच्या नावातलं एखादं अक्षर इकडेतिकडे केलेलं डोमेन कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊच नका. ब्रँडवाला तक्रार करून ते काढून घेऊ शकतो, डॉट इनसाठीही तशी सोय आहे. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी आठ महिने गप्प बसलो. शेवटी भाच्याने सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "इतके दिवस काय करत होता?" पावती क्रमांक मिळालाय. पैसे नाहीत.