1966 फोर्ड मस्टँग, 289 व्ही-8: सात महिने वापरल्यावर स्पार्क प्लगबद्दल

एप्रिलमध्ये इथे मिशिगनमध्ये गाडी घेतली. आता ऑक्टोबर संपतोय. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या आत ती गॅरेजमध्ये जाईल. मधल्या काळात 2,900 मैल झाले. जाणकार हिला मसल कार (मोठ्या ताकदीच्या इंजिनाची) म्हणत नाहीत, पोनी कार (लहान, स्पोर्टी) म्हणतात. मला हे इंजिन आवडतं, एवढं पुरे आहे.

289 घन इंच म्हणजे सुमारे 4.7 लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) 4 इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) फक्त 2.87, त्यामुळे ते मोकळेपणाने फिरतं. माझं दोन बॅरल कार्ब्युरेटरचं, 200 अश्वशक्तीचं. गावात झकास, पण हायवेवर चढताना पाय दाबला की मिसिंग, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही. आधी नवे प्लग टाकले, ऑटोलाइट 45. फरक नाही. मग कुणीतरी सांगितलं, प्लगच्या टोकांमधलं अंतर म्हणजे गॅप वाढव, ठिणगी मोठी पडेल. 0.034 इंचाचा गॅप 0.045 केला आणि गाडी आणखी बिघडली. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) आणि जुनी कॉइल (व्होल्टेज वाढवणारी) असताना असं करू नका. जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेवढं अंतर तोडायला लागणारा व्होल्टेज ती कॉइल देऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि दमदार कॉइल असेल तरच मोठ्या गॅपचा विचार करावा.

गॅप परत 0.034 वर आणला, तरी थोडं मिसिंग राहिलंच. त्यात माझा जून गेला. दोष निघाला वायरींच्या मांडणीत.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-4-2-6-3-7-8. म्हणजे सातनंतर लगेच आठ, आणि हे दोन सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला मागे शेजारी शेजारी. त्यांच्या वायरी आधीच्या मालकाने एकत्र बांधून नेल्या होत्या. अशा वेळी सातच्या वायरीतून करंट गेला की आठच्या वायरीतही उमटतो, आणि आठव्यात 90 अंश आधीच ठिणगी पडू शकते. दोन्ही वायरी एकमेकींपासून लांब केल्या, त्यांच्यामध्ये पाचची वायर घातली. त्या संध्याकाळी चढावर गाडी एकसंध ओढत गेली, तेव्हा मी काचा खाली करून नुसता आवाज ऐकत होतो.

पॉइंटचा गॅप 0.017 इंच. तो आधी, टायमिंग (ठिणगीची वेळ) नंतर: पॉइंटचा कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे जातं. टायमिंग पिस्टन वर पोहोचण्याच्या 6 अंश आधी, टायमिंग बदलणारी व्हॅक्यूमची नळी काढून आणि तोंड बंद करून. हे प्लग 18 मिलिमीटरचे, निमुळत्या बैठकीचे, वॉशर नसतो. हाताने घट्ट झाले की पाना जेमतेम सोळावा हिस्सा फिरवा. जास्त आवळले तर पुढच्या वेळी काढताना रडवतील.

काल आठही बाहेर काढून पाहिले. आठव्याचं टोक इतके दिवस काळं असायचं, आता बाकीच्यांसारखंच बदामी आहे. फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घालून तेच परत बसवलेत.